दुसऱ्या बाजूचं पान

माझे वडील लग्नाच्या मांडवात माइक धरतात. हा त्यांचा धंदा नाही, व्यसन आहे. धंदा कंडक्टरचा होता, तो सहा वर्षांपूर्वी निवृत्तीमुळे सुटला. व्यसन काही सुटलं नाही. देऊळगाव राजापासून पार घाटाखालच्या गावांपर्यंत आमच्या नात्यात कुठंही लग्न निघालं की पत्रिका छापायच्या आधी बाबांना फोन येतो. पाहुण्यांचं स्वागत करायचं, टोपी-शेल्यासाठी नावं पुकारायची, हरवलेलं पोर त्याच्या आईपर्यंत पोचवायचं, आणि मुख्य म्हणजे नवरदेवाची मिरवणूक डीजेपुढं अडकून पडली की इकडे भुकेनं कावलेल्या मांडवाला दीड-दीड तास हसवत बसवून ठेवायचं. बाबा हे सगळं चहा आणि कौतुक यांच्या बदल्यात करतात, त्यातही चहा नसला तरी चालतो.

लोकांना हसवण्यामागं त्यांचा एक सिद्धांत आहे. तो मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलाय की मला झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. "भरल्या गाडीत मानसायले मागं सरकवाचं असलं ना, तं ओरडून कोनी सरकत नाई. हसला का मानूस सैल होते आन आपोआप दोन बोटं सरकते." बाबा मूळचे वरवट बकालचे. नोकरीमुळं देऊळगाव राजाला येऊन तीस वर्षं झाली, पण बोली तिकडचीच राहिली. इथली मंडळी जालन्याकडं झुकून बोलतात, बाबा अजून 'मले-तुले' करतात आणि त्याचाही मांडवात उपयोग करून घेतात.

नोकरीतला त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे विनातिकीट प्रवासी नुसत्या नजरेनं ओळखणं. "बिगरतिकिटाचा मानूस लपत नाई बे. थो खिडकीतून बाहेर पाह्यते. जसं काई वावरातली पऱ्हाटी पह्यल्यांदाच पाहून राह्यला." हे मी इथं सांगून ठेवतो, पुढं लागणार आहे.

मांडवात सांगायचे विनोद येणार कुठून? टीव्हीवरून. एका विनोदी कार्यक्रमाचं रविवारी दुपारी पुनःप्रसारण असतं. बाबा त्याला शाळेत बसावं तसे बसतात. समोर दोनशे पानी वही, आणि वहीपुढं मी. बाबांचं अक्षर त्यांना स्वतःलाच लागत नाही, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडं. मी जालन्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, रोज एसटीनं अपडाऊन करतो. आठवडाभर पोरांना अतिशयोक्ती अलंकाराची उदाहरणं द्यायची आणि रविवारी बापासाठी विनोद उतरवून घ्यायचे, असं माझं वाङ्मयीन आयुष्य चाललं होतं. मी अजून अविवाहित होतो. वय चौतीस. आमच्याकडं या दोन वाक्यांवर कोणत्याही कार्यक्रमात अर्धा तास सहज निघतो.

आता खरं काय ते सांगतो. जालन्यात माझा एक माणूस होता, गुरांचा डॉक्टर. सहा वर्षं. घरी सगळे त्याला माझा मित्र म्हणून ओळखत होते. तो चार-पाच वेळा येऊन जेवून गेला होता आणि बाबांना फार आवडला होता, कारण तो बाबांच्या विनोदाला मान मागं टाकून हसायचा. बाबा माणसाची किंमत त्याच्या हसण्यावरून करतात. "त्या गुराच्या डाक्टरले हसाची अक्कल हाय," असं प्रमाणपत्र त्याला मिळालं होतं. त्या उन्हाळ्यात त्याची नाशिककडं बदली झाली. जूनमध्ये निघायचं होतं. तो मला म्हणाला, "तूही चल. तिथं नोकरी बघू. पण घरी सांगून ये. चोरासारखा येणार असशील तर येऊ नकोस, मला तसलं घर नको." बोलणं सरळ होतं. माझ्याकडं एप्रिलचे शेवटचे दिवस आणि मे महिना होता. आईचं मला फारसं भय नव्हतं. भय बाबांचं होतं, आणि तेही मारतील-बिरतील असं नाही. ते हसतील याचं.

नेमक्या त्याच दिवसांत दिल्लीच्या मोठ्या कोर्टात दोन पुरुषांच्या, दोन बायकांच्या लग्नाला परवानगी द्यावी का, यावर सुनावणी चालू होती. बातम्यांत रोज तेच. मग आमच्या विनोदी कार्यक्रमानं तरी का मागं राहावं? त्यांनी स्टेजवर कोर्टच उभं केलं. एका बाजूला एरवी दर आठवड्याला साडी नेसून कोणाची तरी बायको होणारा जाडा विनोदवीर, या वेळी काळा कोट घालून, लग्नाच्या विरोधात. दुसऱ्या बाजूला काडीपैलवान, लग्नाच्या बाजूनं. बाबा सरसावून बसले. आई शेंगा फोडत होती. मी पेन्सिल घेतली.

जाडा सुरू झाला. "मिलॉर्ड, दोन्ही नवरदेव! घोड्यावर बसायचं कोणी? दोघं बसले तर घोड्यानं जायचं कुठं? कान कोणी कोणाचा पिळायचा? दोन्हीकडे वरपक्ष! मग पंगतीत वाढायचं कोणी, आणि भाजीत मीठ कमी म्हणून रुसायचं कोणी कोणावर?" बाबा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हसता हसताच मला शिकवत होते, "लिव, लिव. पाह्यलं? उत्तर द्याले जागाच ठेवली नाई त्यानं. एक प्रश्न संपला का दुसरा. मानूस हसून राह्यला तं इचार कधी करन?"

हे मात्र अगदी खरं होतं. अलंकार शिकवणाऱ्या माणसाला अलंकारानं काही होत नाही, अशी माझी समजूत होती. मी प्रत्येक युक्ती ओळखत होतो. हे प्रश्न उत्तरासाठी नाहीत, ही अतिशयोक्ती, हा मुद्दा सोडून घोड्याकडं पळून जाणं. सगळं कळत होतं आणि तरी प्रत्येक हशा मला लागत होता. तीन पानं भरली. मध्येच मी धीर करून विचारलं, "पण बाबा, तुम्हाला काय वाटतं? व्हावं का असं लग्न?"

"टायमिंग बेस हाय," बाबा म्हणाले.

जाहिराती लागल्या. आई शेंगांतून डोकं वर काढून म्हणाली, "दोघंही पोट्टे म्हनल्यावर सयपाक कोन करन?"

"करन कोनी तरी. ह्याले नाई येत का?" असं म्हणून बाबांनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

मी वहीत नव्या पानावर 'दुसरी बाजू' असं शीर्षक लिहिलं, त्याखाली रेघ मारली, आणि उठलो. "टाकी भरली का पाहून येतो." गच्चीवर जाऊन मी तापलेल्या टाकीला टेकून उभा राहिलो. शर्ट पाठीला चिकटला. काडीपैलवान काय बोलला ते मी ऐकलं नाही, आणि बाबा त्याला हसले की नाही, तेही कळलं नाही. संध्याकाळी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "नाई बा. दुसऱ्या भागाले गप बसून होते. मले वाटलं डोया लागला."

यातून काय अर्थ काढायचा, सांगा. पुढचा आठवडा मी बाबांकडून त्यांचं मत काढायचा प्रयत्न केला आणि दर वेळी मला परीक्षण मिळालं. जाड्याचा आवाज शेवटी पडतो. काडीपैलवान सुरुवातीला घाई करतो. कोर्टाचा पडदा वाकडा होता. मी म्हणायचो, विषयाचं बोला. ते म्हणायचे, विषय बेस निवडला. चाळीस वर्षं लोकांना बोलण्यात गुंतवणाऱ्या माणसाकडून त्याला नको ते उत्तर काढणं किती अवघड असतं हे मला घरातच राहून इतक्या उशिरा कळलं, आणि मला त्यांचा फार राग आला. जालन्याहून फोन यायचा, "सांगितलंस?" मी म्हणायचो, "टायमिंग जुळत नाही." पलीकडून हसू यायचं नाही. "शेवटी बापाचाच मुलगा आहेस," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मेच्या मध्यात धामणगाव बढ्याला लग्न होतं. बाबांच्या चुलत बहिणीची नात, म्हणजे आम्ही मुलीकडचे. मुहूर्त बारा पाचचा. दीड वाजून गेला तरी नवरदेव मारुतीच्या पारापासून शंभर पावलं पुढं आला नव्हता. पोरं डीजेपुढं नाचत होती. मांडवात उन्हाचा नुसता जाळ. कूलर होते, पण त्यांच्यासमोर मुलाकडच्यांनी खुर्च्या टाकलेल्या. बुंदीचा वास येत होता आणि वाढत कोणी नव्हतं. मुलीचा बाप घामाघूम होऊन बाबांना म्हणाला, "दादा, सांभाळा." बाबांनी माझ्या पिशवीतून वही काढून घेतली आणि माइकवर दोनदा फुंकर मारली.

"मंडळी, नवरदेव येऊनच राह्यले. एकाले इतका टाइम लागून राह्यला. समजा, दोन नवरदेव असते तं?"

बाबा सुरू झाले. घोडा, कान, पंगत, मीठ. टीव्हीवरच्या जाड्याला हातभर मागं टाकलं त्यांनी, कारण त्याचा वरपक्ष कल्पनेतला होता आणि बाबांचा समोर कूलरपुढं बसला होता. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. माझ्या शेजारच्या अनोळखी माणसानं हसता हसता माझ्याच पाठीत थाप मारली. मी तिथून निघालो आणि पाण्याच्या ड्रमापाशी जाऊन तोंडावर पाणी मारत राहिलो. मला वाटलं, संपलं. आज रात्री जालन्याला फोन करून सांगायचं की तू जा. मला रडू आलं. ते पाण्यात मिसळून गेलं, तेवढी एक सोय झाली.

एक फेटेवाले आजोबा उठून म्हणाले, "असले इषय मांडवात काढतेत का?"

"बुवा, जेवाले अजून अर्धा तास हाय," बाबा माइकवरूनच म्हणाले. "तवर तुमी दुसरा इषय काढा, मी बसतो." आजोबांना दुसरा विषय सुचला नाही, ते बसले. मग बाबांचा आवाज आला, "ही झाली एक बाजू. दुसरी बाजू मांडाले येऊन राह्यले आमचे चिरंजीव. जालन्याच्या कॉलेजात सर हायेत. अवो सर! पान्याच्या ड्रमापाशी कोन उभं हाय? या."

सातशे-आठशे माणसांच्या माना वळल्या. ओला चेहरा घेऊन मी स्टेजवर चढलो. बाबांनी वही माझ्या हातात दिली. माझ्याच अक्षरात 'दुसरी बाजू', खाली रेघ, आणि खाली कोरं पान. मी त्यांच्याकडं पाहिलं. माइकवर पंजा ठेवून ते हळूच म्हणाले, "लिवलं नाई तं बोल."

मला विनोद येत नाहीत. मला एवढंच माहीत होतं की बापासमोर भांडून कोणी जिंकत नाही. म्हणून मी सगळं मान्य करून टाकलं. "आधीच्या वक्त्यांचं सगळं खरं आहे. घोडे दोन लागतील. कान दोन्ही नवरदेवांचे पिळतील, म्हणजे तिथल्या तिथं फिटंफाट. राहिलं रुसणं. दोन्हीकडे वरपक्ष, दोन्हीकडचे रुसणार. पण मंडळी, दोघंही रुसले की समजूत काढायला उरलं कोण? कोणीच नाही. मग ते बसतील थोडा वेळ, आणि भूक लागली की आपणहून उठून जेवायला येतील. मुहूर्त बाराचा असेल तर साडेबाराला पंगत बसलेली असेल."

पहिला हसला तो मुलीचा बाप. नुसता हसला नाही, टाळ्या वाजवल्या त्यानं. मग मुलीकडची सगळी बाजू पेटली. मी पुढं म्हणालो, "पंगतीत वाढणार कोण? दोन्हीकडचे वाढतील. वरपक्षाला हातात बादली धरता येते का ते तरी कळेल." कूलरपुढचे एक-दोघेही हसले. मला जोर चढला. खरं सांगतो, माइकची ती नशा मला पहिल्यांदा कळली. बाबांचं व्यसन कळलं.

आणि तिथंच थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, "आता एक प्रश्न राहिला. स्वयंपाक कोण करणार? आमच्या आईनं विचारला होता. तर ते दोघं ठरवतील. सहा वर्षं ओळखत असतील एकमेकांना, तर त्यांना माहीत असतं की भाजी कोणाच्या हातची चांगली होते आणि भांडण झालं की आधी कोण बोलतं. फक्त कोणी विचारत नाही त्यांना. घोड्याचंच विचारतात." मांडवात कोणी हसलं नाही. सहा वर्षं हा आकडा मी का बोललो, ते मलाही कळेना. तेवढ्यात डीजे कोपऱ्यावर आला, धाड धाड सुरू झालं, नवरदेव आला नवरदेव आला म्हणून लोक उठले, आणि माझं भाषण अक्षतांच्या गडबडीत कुठल्या कुठं गेलं. बाबांनी माइक माझ्या हातातून काढून घेतला. माझ्याकडं पाहिलं नाही.

परतताना बुलडाण्याला गाडी बदलावी लागते. स्टँडबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. बाबांनी बशीत ओतला, फुंकला, आणि बशीकडं बघतच म्हणाले, "टीव्हीवरचा तो काडीपैलवान काय बोलला होता, माहीत हाय? म्हने, मिलॉर्ड, हा जाडा दर आठवड्याले साडी नेसून माह्याशी लग्न लावते, सारा महाराष्ट्र टाया वाजवते, आन आज म्हंते दोन पुरुषायचं लग्न होत नाई."

मी म्हणालो, "तुमच्या लक्षात होतं?"

"हाव."

"मग मला कशाला बोलावलं?"

"पान कोरं हाय हे मले त्याच दिवशी दिसलं. तू जलमात एक ओळ सोडली नाई, आन इथं अख्खी बाजू सोडून टाकी पाहाले गेला. टाकी तं मी सकायीच भरली होती." त्यांनी बशी खाली ठेवली. "चाळीस वर्सं मी हेच केलं बे. कोन खिडकीतून बाहेर पाहून राह्यला, तेवढं पाह्याचं. दुसरी बाजू मले टीव्हीवाल्याच्या तोंडून नव्हती आयकाची."

मी म्हणालो, "बाबा, तो डॉक्टर..."

"समजलं मले. सहा वर्सं म्हनला ना तू." त्यांनी टपरीवाल्याला पैसे दिले. "मले हे गोड लागलं असं समजू नको. मले हसूबी येत नाई आन बोलाबी येत नाई. अशी पाळी माह्यावर कधी आली नव्हती." माझ्या चौतीस वर्षांत मी त्यांना निःशब्द झालेलं पहिल्यांदा बघत होतो, आणि ते माझ्यामुळं झालं याचं मला फार वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखंही वाटलं.

गाडी लागली. बाबांनी कधी नव्हे ते खिडकीची जागा पकडली. बुलडाणा सोडल्यापासून ते बाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, उन्हाळ्यातली नांगरलेली रानं. कंडक्टर तिकीट विचारायला आला तेव्हाही त्यांनी मान वळवली नाही. आयुष्यभर कंडक्टरशी गप्पा मारल्याशिवाय ते गाडीतून उतरलेले नाहीत. मीच दोन तिकिटं काढली. खिडकीतून बाहेर बघणाऱ्याला हटकू नये, एवढं मला त्या दिवशी कळलं होतं.

चिखली आली, गेली. देऊळगाव महीच्या अलीकडं कुठंतरी, काचेकडं तोंड ठेवूनच ते म्हणाले, "आपल्या गावात घोडेवाला एकच हाय बे."

मला आधी कळलंच नाही.

"दुसरा घोडा जालन्याहून आनाव लागन," बाबा म्हणाले. "त्या डाक्टरच्या वयखीचा अशीन कोनी. गुराचाच डाक्टर हाय ना थो."